रंगाचे डबे राखत बसलो आणि भिंतीतच गंडलो

सरळ सांगतो, मी रंगात फसलो नाही. रंगाच्या आधी जे असतं ना, घासाई (जुना रंग खरवडणं), पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप), प्रायमर (रंग धरायला आधी मारायचा हात), त्यात फसलो. रंग मी स्वतः दुकानातनं सीलबंद आणला, झाकण स्वतः उघडलं, डब्यातलं पेंटरचं कूपन पण काढून खिशात घातलं (त्यावर पेंटरला कंपनीकडून पैसे मिळतात आणि त्यासाठी पेंटर लोक ठरावीक कंपनीचा हट्ट धरतात हे मला माहीत होतं बरं का), आणि मनात म्हटलं आता आपल्याला कोण गंडवतंय. रंग चांगलाच होता, अजून पण चांगलाच आहे, फक्त तो आता भिंतीवर नाही, जमिनीवर पडलाय.

घर आमचं सांगलीत, गावभागात, वडिलांनी बांधलेलं. 2019 च्या पुरात, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा, खालच्या मजल्यावर छातीएवढं पाणी होतं. 2021 ला परत आलं. पाणी ओसरतं पण भिंत लवकर वाळत नाही, खालच्या तीन-चार फुटात खार फुटतो, हात फिरवला की पांढरी पावडर हाताला येते. आमच्या भागात ज्यांच्या घरात पाणी गेलं त्यांना हे सांगायला नको.

गेल्या वर्षी डिसेंबरात पोरीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला, म्हणून नोव्हेंबरात काम काढलं. ऑफिसातल्या एकाच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर आला. इस्त्रीचा शर्ट, बोलायला एकदम गोड. भिंतीवर बोटानं ठक ठक केलं आणि म्हणाला, "साहेब, गिलावा पोकळ बोलतोय, पण तुम्ही टेन्शन घेऊ नका, केमिकल मारतो, दहा वर्षं बघायचं नाही." आता बघा, पोकळ बोलतोय हे त्याला कळलं होतं. पोकळ बोलणारा गिलावा पाडायचा असतो, त्यावर केमिकल मारून काही होत नाही, हे मला पुढच्या पावसाळ्यात एका म्हाताऱ्या गवंडीमामांनी सांगितलं. म्हणजे त्या माणसाला रोग कळला होता, आणि तरी त्यानं वरून पावडर लावली. मला जास्त राग त्याचा येतो.

माप त्यानं घेतलंच नाही. "कार्पेट गुणिले साडेतीन, सगळीकडे हाच हिशोब असतो साहेब." 680 चं कार्पेट (घराच्या आतलं जमिनीचं क्षेत्रफळ), झाले 2,380 चौरस फूट, मजुरी फुटाला 14 रुपयानं 33,320. मी मान डोलावली. नंतर पोरीनं आणि मी टेप घेऊन स्लॅबसकट सगळं मोजलं, दारं-खिडक्या वजा केल्या, तर 1,850 निघालं. म्हणजे 530 फूट हवेला पुट्टी लावली, 7,420 रुपये.

पहिल्या दिवशी मी हाफ डे टाकला होता. दोन पोरं आली, हॉलची समोरची भिंत माझ्यासमोर पाणी मारून लोखंडी पट्टीनं मस्त खरवडली, धुरळा, घाम, सगळं. हिनं चहा आणि भडंग दिलं. मी समाधानानं ऑफिसला गेलो, ही आईला बघायला मिरजेला गेली. संध्याकाळी येतोय तर सगळ्या खालच्या मजल्याला पुट्टीचा पहिला हात मारून तयार! मी विचारलं एवढ्यात घासून पण झालं? तर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "सर, पोरं एक्स्पर्ट आहेत." अहो तेवढ्या भिंती नीट घासायच्या म्हटल्या तर दोन माणसांना दोन दिवस कमीच पडतात. पण पांढरं स्वच्छ दिसत होतं आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर मारून प्रायमर. प्रायमर कसला, ताक होतं ते. वाळल्यावर पण हाताला पांढरं लागत होतं, म्हणाला रंग बसला की बसतं.

पोर्चमध्ये त्यानं पुट्टीच्या नऊ रिकाम्या गोण्या नीट घडी घालून ठेवल्या होत्या, मोजून घ्या म्हणाला. मी मोजल्या. 850 प्रमाणे 7,650. प्रायमर 3,400, केमिकल 6,000 (ते कधी मारलं हे घरात कुणीच बघितलेलं नाही). एकूण 50,370, त्यातले वरचे 370 त्यानं सोडले, मोठेपणानं!

साखरपुडा झकास झाला. फोटोत भिंती एक नंबर आल्यात.

जुलैत पाऊस लागला आणि सोफ्यामागं भाकरीएवढा पोपडा पडला. उलटा करून बघतो तर मागच्या बाजूला आमचा जुना पिस्ता कलरचा डिस्टेंपर जसाच्या तसा चिकटलेला. तिथं पट्टी लागलीच नव्हती, पुट्टीनं भिंत धरलीच नव्हती, तिनं डिस्टेंपर धरला होता आणि डिस्टेंपर खारावर बसलेला. गवंडीमामांनी त्या पोपड्याचा तुकडा तांब्यातल्या पाण्यात टाकून ठेवायला सांगितला. व्हाईट सिमेंटची पुट्टी एकदा पक्की झाली की पाण्यात विरघळत नाही. सकाळी बघतो तर तळाशी नुसता खडूचा राडा.

मग माळ्यावरच्या त्या गोण्या आठवल्या, नारळाच्या शेंड्या भरायला ठेवल्या होत्या. पाच गोण्यांवर पॅकिंगचा महिना कामाच्या आदल्या वर्षीचा मार्च. एकीवर आकाशी रंगाचे ओघळ, आमच्या घरात आकाशी रंग कुठंच नाही. म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या रिकाम्या गोण्या आणून मला मोजायला लावल्या होत्या. आणि गोणीवरच लिहिलेलं असतं हो, दोन हातांना किलोमागं किती फूट होतं ते, साधारण 12 ते 20. अगदी 12 धरलं तरी 1,850 फुटाला 154 किलो, म्हणजे 40 किलोच्या चार गोण्या. आमच्या भिंती खड्ड्याच्या म्हणून पाच धरा. नऊ कुठल्या?

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला तर म्हणाला, "ओल तुमच्या घरात आहे साहेब, आमच्या कामात नाही." आता फोन उचलत नाही. गॅरंटी व्हिजिटिंग कार्डच्या मागं बॉलपेननं लिहिलेली, बिल नाही. 20,000 रोख दिलेत ते गेल्यातच जमा, 30,000 मात्र फोनवरून ऑनलाइन दिलेले, तेवढाच पुरावा. ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज करतोय. आपण दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो, तेव्हा कुणाचं असं झालं असेल तर नुसतं चरफडत बसू नका.

आणि ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांनी घासाई झाली की काम एक दिवस थांबवाच, पेंटर कितीही घाई करू दे. त्या दिवशी घरच्या माणसानं प्रत्येक खोलीत, कपाटामागं सुद्धा, फिरून फोटो काढायचे. फूटभर प्लास्टिकचा तुकडा खालच्या भिंतीला चारी बाजूनं टेप लावून चोवीस तास ठेवा, आतनं पाण्याचे थेंब धरले तर पुट्टीला हात लावायचा नाही, आधी भिंतीचं बघायचं. रात्री टॉर्च भिंतीला चिकटून आडवा मारा, सगळे खड्डे बोलतात. गोणी तुमच्यासमोर फोडायची आणि रिकामी झाली की लगेच तुम्ही ताब्यात घ्यायची, फाडून ठेवली तर उत्तम. पैसे घासाईचे वेगळे, पुट्टीचे वेगळे, प्रायमरचे वेगळे, तपासून मग द्या. माप टेपनं, गुणाकारानं नाही.

आमचा हॉल सध्या चार फुटांपर्यंत गिलावा पाडून उघडा विटांवर ठेवलाय. मामा म्हणाले थंडीभर वारा लागू दे, उन्हाळ्यात बघू. परवा शंभर फुटी रोडला त्या कॉन्ट्रॅक्टरचा छोटा हत्ती टेम्पो एका अपार्टमेंटच्या दारात उभा दिसला, मागं रिकाम्या गोण्यांचा गठ्ठा दोरीनं बांधलेला. वॉचमनला थांबवून सांगितलं, तर तो म्हणाला, मालक पुण्याला असतात.