दक्षिण बर्गंडीतले डी रोड: सायकलिंगला पाच पैकी साडेचार, जेवणाला दोन

आधी निकाल सांगून टाकतो मग बाकीचं. फ्रान्समध्ये शांत रस्त्यावर रोड बाईक चालवायची असेल तर आल्प्सच्या नावाजलेल्या घाटांच्या मागे लागू नका, उन्हाळ्यात तिथे सायकली, कारव्हॅन आणि मोटरसायकली यांचीच जत्रा असते. माकों, क्लूनी आणि तुर्नू या तीन गावांच्या मधला जो पट्टा आहे, सोन-ए-ल्वार जिल्ह्यातला, तिथे जा. आम्ही ल्योंला राहतो त्यामुळे सायकली टीईआर म्हणजे प्रादेशिक ट्रेनमध्ये टाकल्या की तासाभरात माकोंला उतरतो, पण पॅरिसहून येणाऱ्यांनाही टीजीव्ही या वेगवान ट्रेनने माकों-लोशे स्टेशन दीड-पावणेदोन तासांवर आहे म्हणजे फार काही अवघड नाही.

इथे सगळे जण पहिल्यांदा येतात ते व्वा व्हेर्तसाठी, म्हणजे जुनी रेल्वेलाईन उखडून त्यावर केलेला डांबरी सायकल ट्रॅक. झिव्री ते क्लूनी हा 44 किलोमीटरचा तुकडा 1997 मध्ये सुरू झाला आणि देशातला अशा प्रकारचा पहिला म्हणून त्याचं नाव आहे. रेल्वेचाच मार्ग असल्याने चढ जवळपास नाहीच, जुनी स्टेशनं अजून उभी आहेत, द्राक्षमळे, गायी, अधूनमधून एखादा किल्ला, सगळं कसं पोस्टकार्डावर असतं तसं. लहान मुलं बरोबर असतील किंवा आई-बाबा भारतातून आले असतील आणि त्यांना ई-बाईकवर बसवायचं असेल तर याच्यासारखं काही नाही. पण खरं सांगू का, रोड बाईक घेऊन गेलात तर तासाभरात कंटाळा येतो. सरळ, सपाट, दोन्ही बाजूला झाडी, आणि शनिवार-रविवारी स्केटिंगवाले, बाबागाडीवाले, कुत्रेवाले, त्यामुळे सारखी घंटी वाजवत "पार्दों, पार्दों" (माफ करा) करत जायचं. व्वा व्हेर्तला माझ्याकडून साडेतीन.

एक अपवाद मात्र, क्लूनीच्या दक्षिणेला ब्वा-क्लेअरचा बोगदा. 1.6 किलोमीटर लांब, आत दिवे आहेत, आणि भर ऑगस्टातही आत इतकं गार की जर्सीवर जॅकेट चढवावं लागतं. हिवाळ्यात तो बंद ठेवतात कारण तिथे वटवाघळं झोपतात आणि त्यांचा हक्क आधी, मग तुम्हाला वरून खिंड चढून जावं लागतं. मला ही गोष्ट फार आवडली.

आता मुद्द्याचं. ट्रॅक सोडा आणि डी रोड पकडा. डी म्हणजे देपार्तमां, आपल्या जिल्हा मार्गांसारखे रस्ते, देशभरात असे पावणेचार लाख किलोमीटर आहेत आणि त्यातले बरेचसे रिकामेच असतात कारण गाड्या सगळ्या मोटरवेवर. कुठला घ्यायचा हे कळायला सोपी युक्ती म्हणजे मिशलँचा कागदी नकाशा: लाल रस्ता विसरा, पिवळा चालेल, पांढरा सगळ्यात भारी. रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असेल तर निसर्गरम्य, आणि रस्त्यावर छोटे बाण असतील तर चढ आहे, एक बाण म्हणजे 5 ते 9 टक्के, दोन म्हणजे 9 ते 13, तीन दिसले की नाश्ता नीट करून निघा. अ‍ॅपवर रूट काढलात तर रोड बाईक हाच पर्याय निवडा, नाहीतर ते तुम्हाला बिनधास्त कुणाच्या तरी द्राक्षमळ्यातल्या खडीच्या वाटेवर नेऊन सोडतं. आणि हो, मैलाचे दगड बघून गोंधळू नका, आपल्याकडे पिवळं डोकं म्हणजे नॅशनल हायवे, इथे पिवळं म्हणजे डी रोड आणि लाल म्हणजे नॅशनल. पिवळं दिसलं की खूश व्हायचं.

माझा सगळ्यात आवडता तुकडा म्हणजे कोरमातँहून शापेझ, ब्रांसियों करत तुर्नूपर्यंतचा डी 14, पंचवीसेक किलोमीटर असेल. शापेझला अकराव्या शतकातलं चर्च आहे, गाव एवढंसं आणि घंटेचा मनोरा एवढा उंच की लांबूनच दिसायला लागतो. तिथून झाडीतून चढ सुरू होतो, जीव घेणारा नाही, एका लयीत चढत राहायचा, आणि वर ब्रांसियों, टेकडीवरचं दगडी मध्ययुगीन गाव, गाड्या बाहेरच ठेवायला लावतात त्यामुळे आत फक्त पायी माणसं. पुढे उतार आणि छोटे छोटे उंचवटे करत तुर्नूला सोन नदीकाठी पोचता आणि तिथे रेल्वे स्टेशन आहेच. कामाच्या दिवशी सकाळी या रस्त्यावर एखादी पोस्टाची पिवळी गाडी आणि ट्रॅक्टर सोडून फारसं काही भेटत नाही. रविवारी दुपारी मात्र मोटरसायकलवाले ग्रुपने येतात, तेव्हा बाजूचे पांढरे रस्ते बरे.

दुसरा म्हणजे सोलुत्रे आणि व्हेर्जिसोंच्या दोन सुळक्यांभोवतीचा फेरा, पुयी-फ्युइसे वाईन होते ती हीच गावं. सोलुत्रेचा कडा 493 मीटर, माजी राष्ट्राध्यक्ष मित्तराँ दरवर्षी पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला मित्रमंडळींबरोबर पायी चढायचे तो हाच. इथले चढ आखूड पण चांगलेच तिरपे आहेत, चढाला हलका पडणारा कॉम्पॅक्ट गिअर असेल तर बरं.

गाड्यावाल्यांबद्दल बोलायलाच हवं कारण आपल्याला तीच भीती जास्त. गावाबाहेर ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदाच आहे, आणि त्यासाठी त्यांना मधली सलग पांढरी रेघ ओलांडायची परवानगी आहे, आणि बहुतेक लोक खरंच पाळतात, मागे येऊन हॉर्न न वाजवता थांबून राहतात, सुरुवातीला आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं. पण एक लक्षात ठेवा, गावात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियम अजून आहे, त्यामुळे एखाद्या बोळातून आजोबा न बघता सरळ गाडी बाहेर काढतात आणि चूक त्यांची नसते. खरा वैताग वेगळाच आहे, उन्हाळ्यात रस्ते दुरुस्त करताना डांबरावर बारीक खडी टाकून तशीच सोडतात, 'ग्राव्हियों' असा बोर्ड दिसला की ब्रेक सांभाळून, उतारावर तर फारच. 28 किंवा 32 मिलिमीटर रुंदीचे टायर लावा, 23 चं वेड पुण्यातच ठेवून या.

आता ते जेवणाचे दोन मार्क. रस्ते शांत आहेत कारण गावात माणसंच कमी, आणि माणसं कमी म्हणजे दुकानं पण नाहीत, हे गणित घरून निघतानाच करा. जेवण दुपारी 12 ते दीड, त्यानंतर किचन बंद, तुम्ही 80 किलोमीटर चालवून आला असाल तरी बंद. सोमवारी तर जवळपास सगळंच बंद. मे महिन्यात हवा झकास पण सुट्ट्यांची रांग, म्हणजे परत बंद. शाकाहारी असाल तर ऑम्लेट, नाहीतर शेळीच्या चीझचं सॅलड, आणि अंडं पण नको असेल तर बेकरीतून बगेत म्हणजे लांब पाव आणि चीझ घेऊन झाडाखाली बसा (किश या अंड्याच्या पायमध्ये बेकन असतंच असं धरून चाला). काही गावात बेकरी नाही पण बगेतचं मशीन आहे, नाणं टाकलं की पाव बाहेर, मशीन भरलेलं असेल तर.

पाण्याची सोय मात्र सगळीकडे आहे, फक्त ती स्मशानभूमीत. फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो आणि इथले सगळे सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. बायकोने पहिल्यांदा साफ नकार दिला होता, आता तीच लांबून चर्च दिसलं की विचारते, भरायच्या का बाटल्या. 'नॉन पोताब्ल' लिहिलेलं असेल तर प्यायचं नाही एवढंच.

राहायला आकेय व्हेलो (सायकलवाल्यांचं स्वागत) असा बोर्ड असलेल्या जागा बघा, तिथे सायकल ठेवायला कुलुपाची जागा आणि दुरुस्तीचं सामान असतं. भाड्याची सायकल घेणार असाल तर आधी फोन करून साईझ आणि टायर नक्की करा, क्लूनी परिसरात जास्त करून टुरिंग आणि ई-बाईकच मिळतात, चांगली रोड बाईक हवी असेल तर स्वतःची आणलेली उत्तम. पुण्या-मुंबईचे बीआरएमवाले, म्हणजे ठराविक वेळेत लांब पल्ल्याच्या राईड करणारे, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या राईडसाठी येतात, 90 तासांत 1200 किलोमीटर मारतात आणि तडक विमानात बसतात, त्यांना माझं सांगणं आहे की सायकल एवढी पॅक करून आणलीच आहे तर तीन-चार दिवस जास्त काढा.

महिना म्हणाल तर जूनचा पहिला अर्धा किंवा सप्टेंबर. सप्टेंबरात द्राक्षतोडणीचे ट्रॅक्टर असतात पण ते हळू जातात. रविवारी संध्याकाळची परतीची टीईआर टाळा, सायकलच्या हुका मोजक्याच असतात आणि तुर्नूला गाडी येईपर्यंत त्या भरलेल्या असतात, दुपारचीच पकडा.