बुलेटच्या मिककार्ब व्हीएम २४ चे रिपेअर किट: पेट्रोलगळती थांबते का?

जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेट ३५० चा मिककार्ब व्हीएम २४ कार्बोरेटर ‘ओव्हर’ व्हायला लागला, म्हणजे त्यातून पेट्रोल वाहायला लागले, की पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून रिपेअर किटचे पाकीट आणले जाते. नीडल आणि सीट (आत येणारे पेट्रोल अडवणारी सुई आणि तिची बैठक), वाटीचे म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या भांड्याचे पॅकिंग, ओ-रिंगा, एअर स्क्रू आणि बहुतेकदा दोन जेटही (पेट्रोल मापून सोडणारे बारीक भोकाचे भाग) त्यात असतात. पॅकिंग आणि ओ-रिंगांसाठी हे स्वस्त किट जरूर घ्यावे. नीडल-सीटसाठी मात्र नाही, आणि गळती तर बहुतेक वेळा तिथलीच असते.

आधी गळती कुठली ते ठरवा. गाडी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर वाटी कलते आणि चांगला कार्बोरेटरही थेंब टाकू शकतो. बाहेरून सगळे कोरडे पुसून टाकीचा पेट्रोल कॉक उघडा. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आले तर दोष नीडल, सीट किंवा फ्लोटचा (पेट्रोलवर तरंगून नीडल दाबून धरणारा भाग). वाटीच्या सांध्यावर ओल आली तर पॅकिंगचा. कॉक बंद करूनही गळत राहिले तर कार्बोरेटरआधी कॉकच बघा. एकदा ऑइलचाही वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ते सिलिंडरमधून खाली उतरले आहे. ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

किटमधल्या नीडलचे टोक भिंगाखाली पाहा. काळे रबरी टोक व्हायटॉन या प्रकारच्या रबराचे असेल तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये टिकते. साधे नायट्राइल रबर फुगते, मग नीडल कधी अडकते, कधी अर्धवट बसते. स्वस्त पाकिटांवर रबर कोणते हे बहुधा लिहिलेलेच नसते. जुन्या नीडलच्या टोकावर गोल खाच दिसली की ती संपली. नवी नीडल जुन्या सीटवर बसवू नका, जोडी एकाच बनावटीची घ्या. सीटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. तोच आकडा हवा. भोक मोठे झाले तर पेट्रोलचा दाब जास्त क्षेत्रावर पडतो आणि तोच फ्लोट नीडल दाबून धरायला कमी पडतो. सीटखालचा वॉशर विसरला तर नवी जोडीही गळणार, कारण पेट्रोल आट्यांतून वाट काढते.

वाटी उघडताना मिकुनी या जपानी कंपनीच्या पद्धतीच्या स्क्रूंना जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस, स्क्रू ड्रायव्हर लावा. साध्या फिलिप्सने डोकी घासतात. फ्लोटची पिन हलक्या हाताने ढकला. तिचे खांब ठिसूळ ओतकामाचे असतात, मोडले तर बॉडीच बदलावी लागते. फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटका आहे, आणि जगातले कोणतेही किट ती गळती थांबवणार नाही.

फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या मापाने लावा. कार्बोरेटर उलटा करून थोडा तिरका धरा, म्हणजे फ्लोटची जीभ नीडलच्या स्प्रिंगच्या पिनला नुसती टेकेल. पिन दाबली गेली तर माप चुकते. जीभ एका वेळी केसभरच वाकवा.

पॅकिंग ही या किटची खरी कमाई: जाडी सारखी, भोके जुळतात. जुने पॅकिंग पेट्रोलने फुगून खाचेत बसेना तर ते टाकून देण्याआधी रात्रभर वाळू द्या, बऱ्याचदा पुन्हा मापात येते. सिलिकॉन सीलंट अजिबात लावू नका. पेट्रोलने त्याचे तुकडे सुटतात आणि स्लो जेटमध्ये, म्हणजे इंजिन संथ चालताना पेट्रोल देणाऱ्या बारीक जेटमध्ये, अडकतात.

किटमधले जेट बाजूला ठेवा. त्यांच्यावरचा आकडा आणि प्रत्यक्ष भोक जुळेलच असे नाही. जुने पितळी जेट कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करून तेच लावा, तार घालू नका.

बसवण्याआधी कार्बोरेटर टेबलावर सरळ धरून फुटभर उंचीवरच्या बाटलीतून पेट्रोल सोडा आणि अर्धा तास बघा. थेंब आला नाही तरच गाडीवर चढवा. पॅकिंग आणि ओ-रिंगांना पाचपैकी चार, नीडल-सीटला दोन. कंपनीची नीडल-सीट वेगळी घेऊन हे किट जोडीला वापरले, तर पैसे वसूल होतात.