रेल्वे लाईन्स भागातलं छातीच्या डॉक्टरांचं क्लिनिक, आण्णांचा अनुभव (५ स्टार)

आण्णांना दम लागायचा, उजव्या बाजूला छातीत पाणी झालेलं. आधी एका मोठ्या दवाखान्यात दोनदा पाणी काढलं, टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या, चार महिने गेले आणि पाणी परत भरलं. तिथं विडी ओढता का एवढंच विचारलं, जन्मभर काम काय केलं हे एकानंही विचारलं नाही, याचा राग मला अजून आहे.

इथं डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि म्हणाले, बाबा, पहिल्या नोकरीपासून सांगा. आण्णा १९७६ पासून गिरणीत बॉयलरवर, पाइपांवरचं जुनं पांढरं लेपण फोडायचं आणि अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची. दोरी कशी पिळून तोडायची, भुसा कसा उडायचा ते आण्णांनी खुर्चीत बसूनच हातानं करून दाखवलं. किती वर्षं, तोंडाला काय बांधायचा, घरावर पत्रे कसले, सगळं लिहून घेतलं, पाऊण तास गेला बघा.

मग दुर्बिणीनं तुकडा काढला, पुण्याला पाठवला, त्यात कॅलरेटिनिन आणि डब्ल्यूटी-१ या दोन खुणा पॉझिटिव्ह, म्हणजे मेसोथेलिओमा, फुफ्फुसाभोवतीच्या पडद्याचा कॅन्सर. डॉक्टरांनी नीट समजावलं की तुकडा फक्त आजार कुठला ते सांगतो, तो कशानं झाला ते कामाच्या माहितीवरनं जुळवावं लागतं. सीटी स्कॅनमध्ये छातीच्या पडद्यावर चुन्यासारखे डाग होते, ती अ‍ॅस्बेस्टॉसची जुनी खूण. धूळ गेल्यावर हा आजार वीस ते पन्नास वर्षांनी पण वर येतो, म्हणून गिरणी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी संबंध लागतो. आणि विडीचा या आजाराशी संबंध नाही म्हणाले, तेव्हा आण्णांची मान वर झाली, इतके दिवस ते स्वतःलाच दोष देत होते.

समरीवर कामाची वर्षं आणि अ‍ॅस्बेस्टॉस स्पष्ट लिहून दिलंय. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कामामुळे होणाऱ्या आजारांच्या भरपाईच्या कायदेशीर यादीत आहे, त्यामुळे हा कागद लागतोच, आणि गिरणीचं ओळखपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर टाकू नका. गर्दी फार असते, आम्ही तीन तास बसलो, सकाळी लवकर नंबर लावा.

निघताना डॉक्टरांनी विचारलं, आण्णांचे कामावरचे धुळीचे कपडे कोण धुवायचं. आई म्हणाली मीच की, ओट्यावर झटकून मग भिजवायची. त्यांनी तिथंच आईचा पण केसपेपर काढला.