म्हापशाला घेतलेली सप्तरंगी: माल चांगला, पण 'टेस्टेड' म्हणजे कशासाठी ते विचारा

म्हापसा मार्केटजवळ गावठी औषधांचं एक दुकान आहे तिथून बाबांसाठी सप्तरंगीच्या मुळाची भरड घेतली, डायबेटिस म्हटलं की आपल्याकडे कोणी ना कोणी हे सुचवतंच. माल खरंच छान. दुकानदारांनी अख्खं मूळ आडवं कापून आतली रंगीत कडी दाखवली, बुरशी नाही, माती नाही, पाकिटावर सॅलासिया चायनेन्सिस असं शास्त्रीय नावही आहे, जे बरेच जण छापत नाहीत.

मागितल्यावर लॅबचा रिपोर्टही लगेच काढून दिला. शिसं 10 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 10 भागांच्या) आत, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3 च्या आत, जंतूंची तपासणी पण ओके. उत्तम. पण पाकिटावर मोठ्ठं 'लॅब टेस्टेड' आहे ना, ते वाचून लोकांना वाटतं साखरेवर गुण येतो हे तपासलंय. तसं नाहीय. या रिपोर्टवरून एवढंच कळतं की मालात जड धातू आणि जंतू मर्यादेत आहेत.

गुणाची टेस्ट वेगळी असते. मुळाचा अर्क अल्फा-ग्लुकोसिडेज नावाच्या एन्झाइमबरोबर ठेवतात आणि किती अर्काने त्याचं काम निम्म्यावर येतं ते मोजतात. हेच एन्झाइम आपल्या आतड्यात भाताच्या स्टार्चचं शेवटी ग्लुकोज करतं. सप्तरंगीच्या श्रीलंकेतल्या बहिणीतून, म्हणजे सॅलासिया रेटिक्युलाटातून, जपानी संशोधकांनी 1997 मध्ये सॅलासिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं, ते या एन्झाइमला अडवतं, आणि ते पाण्यात उतरतं म्हणून काढा करायची जुनी पद्धत मला पटते. पण मग तो जेवणाच्या तोंडावरच घ्यायला हवा, सकाळी उपाशीपोटी घेऊन दोन तासांनी नाश्ता केला तर एन्झाइम अडवून अडवणार काय? आणि परीक्षानळीत एन्झाइम थांबलं म्हणजे माणसाची शुगर आटोक्यात आली असं होत नाही, त्याला माणसांवरच नीट चाचणी लागते. घरच्या ग्लुकोमीटरवर मी म्हणूनच निकाल देत नाही, एक दिवस शीत-कडी (भात-कालवण) जास्त झाली की आकडा बदलतो.

एक गोष्ट दुकानात सांगायलाच हवी होती, सांगितली नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे सुरू करू नका. त्यात शुगर अचानक उतरलीच तर साधी साखर देऊन लवकर फरक पडणार नाही, कारण साखर फोडणारं एन्झाइमच अडवलेलं असतं, ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. हे पाकिटावर ठळक हवं.

5 पैकी 4 स्टार. दर बॅचमध्ये सॅलासिनॉल किती आहे हे तपासून छापलं तर पाचवा आनंदाने देईन. शुक्रवारी बाजाराची गर्दी असते, तेव्हा रिपोर्ट बघायचा असेल तर दुसऱ्या कुठल्याही वारी जा, ते नीट वेळ देऊन बोलतात.