राख भरावात घालावी की काँक्रीटमध्ये?

दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी–आहेरवाडी येथील १३२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्रातून निघणारी कोळशाची राख रस्त्याच्या कामात दोन प्रकारे वापरता येते: भरावात सुटी, किंवा काँक्रीटमध्ये सिमेंटबरोबर.

भरावात राख मोठ्या प्रमाणावर खपते आणि तेवढा मुरूम माळरानावरून उकरावा लागत नाही, हा लाभ मोलाचा आहे. परंतु राखेत आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम, क्रोमियम यांचे अंश असतात आणि पाणी झिरपत राहिले तर त्यांतील काही विरघळून खाली उतरतात. म्हणूनच भरावाच्या बाजूंना व माथ्यावर मातीचे जाड आवरण देणे, तळ भूजलपातळीच्या वर ठेवणे आणि विहिरी व ओढे यांपासून अंतर राखणे अनिवार्य मानले पाहिजे. चिमूटभर कोरडी राख बोटांत चोळली, तर ती पिठासारखी लागते आणि फुंकरीसरशी उडते. उन्हाळ्यात उघड्या डंपरमधून ती नेली, तर कडेच्या ज्वारीच्या कडब्यावर आणि माणसांच्या श्वासात उतरते.

काँक्रीटमध्ये हीच राख चुन्याशी संयोग पावून घट्ट बांधली जाते, त्यामुळे झिरपा फारच कमी होतो. पोझोलाना सिमेंटमध्ये, म्हणजे राख मिसळून केलेल्या सिमेंटमध्ये, तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. मात्र काँक्रीटमध्ये राखेचा खप मर्यादित राहतो.

विहिरींवर जगणाऱ्या गावांजवळ मी काँक्रीटच निवडेन. उंच, कोरड्या जागी, आवरणाची तपासणी खरोखर होणार असेल तरच, भराव मान्य करीन.