इतिहासात बी.ए. झालं, आता एम.ए. इतिहास की पुरातत्त्व?

सोलापुरातून बी.ए. केलेल्यांना हा प्रश्न दरवर्षी पडतो. दोन्ही अभ्यासक्रम दोन वर्षांचेच. प्रवेशाच्या जाहिरातींतल्या 'उज्ज्वल संधी' बाजूला ठेवू.

खर्च: एम.ए. इतिहास घरी राहून, इथल्या विद्यापीठातून होतं. पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज धरलं, तर फीपेक्षा खोली आणि मेसच महाग पडते. त्यात उत्खननाचे दिवस, म्हणजे जोडीला नोकरी करणं अवघड.

मेहनत: खरा फरक इथे आहे. इतिहासवाल्याला दप्तरखान्यात बसावं लागतं. 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर काम करायचं तर इंग्रजी सरकारी कागद वाचता यायला हवेत, त्यामागे पेशवाईत जायचं तर मोडी लिपी. छापील पुस्तकांवरच प्रबंध उभा केला की तो तिथेच फसतो. पुरातत्त्वात खापरं धुणं, क्रमांक टाकणं, मातीच्या थरांचं मोजमाप आणि रेखाटन. एखाद्या वस्तूचा थर नोंदवायचा राहिला, तर तिचा निम्मा पुरावा गेला. सोलापूरजवळच्या हत्तरसंग-कुडलसारख्या ठिकाणचे शिलालेख वाचायचे तर जुनी कन्नडही लागते.

नोकरी: प्राध्यापकीला दोन्हीकडे नेटसारखी पात्रता परीक्षा लागते, नेटमध्ये दोन्ही विषय वेगळे आहेत. कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवायला मात्र इतिहासातलं एम.ए. आणि बी.एड. हवं. संग्रहालय, उत्खननाची कामं पुरातत्त्ववाल्याला जवळची, पण बरीचशी कंत्राटी.

घरची जबाबदारी, शिक्षकी पेशा किंवा स्पर्धा परीक्षा डोळ्यांसमोर असेल, तर इतिहास. दोन-चार वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढता येत असतील आणि उन्हातान्हाचं वावडं नसेल, तर पुरातत्त्व.