अ‍ॅटम नेटबुकवर नेटबीएसडी १० : काही महिने वापरल्यानंतर

२००८-०९ च्या सुमाराला घेतलेलं छोटं नेटबुक ज्यांच्या कपाटात अजून पडून आहे आणि ते भंगारात द्यायला ज्यांचं मन होत नाही, त्यांच्यासाठी नेटबीएसडी या लिनक्ससारख्याच मोफत ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल हे लिहितोय. माझं मशीन इंटेल अ‍ॅटम एन२७० चं आहे. वेग १.६ गिगाहर्ट्‌झ. रॅम १ जीबीची २ जीबी केली, कारण त्याहून जास्त हा चिपसेट घेतच नाही. जुनी हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी बसवली. खरी अडचण एवढीच की हा प्रोसेसर निव्वळ ३२-बिट आहे, आणि अशा प्रोसेसरचा आधार आता सगळीकडून निघत चाललाय.

आधी त्यावर डेबियन हे लिनक्स होतं आणि छान चालत होतं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२-बिट इंटेलसाठी ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल (सिस्टिमचा गाभा). आर्च या दुसऱ्या लिनक्सने हे दार २०१७ मध्येच लावून घेतलं, फेडोराने २०१९ मध्ये. डेबियन १२ वर आणखी काही काळ काढता आला असता, पण जिथून सगळे निघायच्या तयारीत आहेत तिथे नव्याने बस्तान मांडायचं नव्हतं. म्हणून नेटबीएसडी १०.१ टाकलं, आणि आता ते काढायचा विचारही नाही.

इन्स्टॉल करताना पहिलाच अडथळा असा येतो की नवख्या माणसाला काय चाललंय ते कळणार नाही. इन्स्टॉलर थांबतो आणि सांगतो की या मशीनवर पुरेशी ‘एन्ट्रॉपी’ नाही, म्हणजे एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीच्या) किल्ल्या सुरक्षितपणे बनवण्याइतका अस्सल यादृच्छिक मजकूर मिळत नाही. नव्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास सूचना (इन्स्ट्रक्शन) असते. इंटेलने ती २०१२ च्या पिढीपासून दिली. एन२७० त्याच्या आधीचा. बाकीच्या बऱ्याच सिस्टिम अशा वेळी काही न बोलता पुढे जात, नेटबीएसडी १० विचारतं. एक ओळ हाताने टाइप करा, नेटवर्कवरून आणा, फाइलमधून घ्या, किंवा आत्ता नको म्हणा, असे पर्याय येतात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ओपनएसएसएल या प्रोग्रामने ३२ बाइट्सचा यादृच्छिक मजकूर काढायचा आणि तो इथे नीट बघून टाइप करायचा. हे एकदाच करावं लागतं. पुढे सिस्टिम तो साठा फाइलमध्ये जपून ठेवते आणि दर बूटला वापरते. जुन्या मशीनचा मनापासून विचार कुणीतरी केलाय, हे मला या एका पडद्यावरून कळलं. नुसतं ‘चालतं’ म्हणणं वेगळं आणि ‘या मशीनमध्ये काय कमी आहे ते आम्हाला ठाऊक आहे’ म्हणणं वेगळं.

सुरक्षिततेची दुसरी गोष्ट मात्र या प्रोसेसरच्या बाजूची आहे. एन२७० सूचना ओळीनेच चालवतो, पुढचा अंदाज बांधून आधीच काम उरकत नाही. त्यामुळे २०१८ मध्ये गाजलेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष त्याला लागूच होत नाहीत. मंदपणाचा हा फायदा कुणी जाहिरातीत सांगितला नव्हता.

आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि नेटबुकची बॅटरी कधीच गेलीय, त्यामुळे मशीन अचानक बंद पडणं नेहमीचंच. फाइलसिस्टिमला एफस्टॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘लॉग’ हा (बदलांची नोंद ठेवणारा) पर्याय लावून ठेवा. लाइट आल्यावर बूट होताना लॉग डिस्कवर परत उतरवत असल्याची एक ओळ दिसते आणि क्षणात लॉगिन येतं. तो पर्याय नसेल तर सगळी डिस्क तपासत बसावं लागतं. इतक्या महिन्यांत एकही फाइल गेलेली नाही.

मी यावर मुख्यतः मराठी लिहितो, म्हणून त्याबद्दल सविस्तर. कीबोर्डसाठी आयबस वगैरे वेगळे प्रोग्राम चालवू नका, मेमरी उगाच जाते. एक्सच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या सिस्टिमच्या) मूळ कीबोर्ड यादीतच मराठी इनस्क्रिप्ट आहे. एका आज्ञेत इंग्रजी आणि मराठी दोन्ही लागतात, आल्ट-शिफ्टने बदलायचं. ‘ऱ्या’ हवा असेल तर शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ अगदी बरोबर उमटतात, कसलीही खटपट लागत नाही. फॉन्टसाठी नोटो देवनागरी पुरेसा आहे. लिहायला इमॅक्स हा एडिटर वापरतो, तिथे जोडाक्षरं हार्फबझ या लायब्ररीमुळे व्यवस्थित जुळतात. साध्या एक्सटर्म या टर्मिनलमध्ये मात्र मराठी वाचायच्या भानगडीत पडू नका. टर्मिनलच हवं तर एमएलटर्म घ्या.

ब्राउझरपाशी मात्र गाडी अडते, आणि इथे खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्ये सोडलं, मोझिलाने फायरफॉक्सच्या ३२-बिट लिनक्स आवृत्त्या १४४ नंतर थांबवल्या. कोड खुला आहे, नेटबीएसडीवाले आपापलं पॅकेज बांधू शकतात हे खरं, पण आजच्या जड पानांसमोर हा प्रोसेसर टिकत नाही. डिलो हा ब्राउझर अतिशय चपळ आहे, २०२४ मध्ये बऱ्याच वर्षांनी त्याची नवी आवृत्तीही आली; पण माझ्याकडे त्यात मराठी मोडून दिसते, वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. मराठी वाचायला नेटसर्फ हा ब्राउझर घ्या, तो पॅंगो या लायब्ररीतून अक्षरं जुळवतो. बँक, रेल्वेचं तिकीट, व्हिडिओ यासाठी फोन आहेच.

वायफाय चालतं, पण जुन्या ‘जी’ वेगाने, ८०२.११एन या सिस्टिममध्ये अजून नाही. एवढ्याशा मशीनला तेही खूप झालं, तरी मोठ्या फाइल्स हलवताना मी नेटवर्कची केबल लावतो. स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायची बटणं माझ्याकडे चालत नाहीत आणि झाकण मिटलं की झोपलेलं मशीन नेहमी जागं होतंच असं नाही. यात बनवणाऱ्या कंपनीचं बायोस अर्धवट आहे. ते सुधारणारं आता तिथे कुणी उरलेलं नसणार.

इतक्या जुन्या गोष्टी ही मंडळी सांभाळू कशी शकतात, याचं उत्तर मला बिल्ड डॉट एसएच या एका स्क्रिप्टमध्ये सापडलं. नेटबुकवर कर्नल कंपाइल करायला बसलात तर तासन्‌तास जातील. त्याऐवजी घरातल्या ६४-बिट लिनक्स कॉम्प्युटरवर नेटबीएसडीचा कोड उतरवला, स्क्रिप्टला ‘आय३८६’ (म्हणजे ३२-बिट इंटेल) एवढं सांगितलं. तिने आधी स्वतःचा कंपायलर बांधला, मग कर्नल. माझ्या लिनक्सचा कंपायलर कुठला, लायब्ररी कुठल्या, याच्याशी तिला देणंघेणं नाही. कर्नलच्या जेनेरिक कॉन्फिगची (मूळ सेटिंगच्या फाइलची) प्रत घेऊन त्यातली माझ्याकडे नसलेली कार्डं काढून टाकली आणि तयार कर्नल एसएसएचने नेटबुकवर पाठवला. याच पद्धतीने नव्या वेगवान मशीनवरून व्हॅक्स, अमिगा अशा जुन्या कॉम्प्युटरसाठी, जुन्या सन वर्कस्टेशनसाठी सगळी सिस्टिम बांधता येते. नेटबीएसडीत ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) थेट हार्डवेअरशी न बोलता मधल्या एका थरातून बोलतात, त्यामुळे एकच नेटवर्क ड्रायव्हर कित्येक वेगवेगळ्या मशीनवर तसाच चालतो. आधार टिकवायचा खर्चच कमी करून ठेवलाय, म्हणून आधार टिकलाय.

अर्थात इथेही सगळंच कायमचं नसतं. लिनक्स १९९१ मध्ये ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मलं त्याचा आधार लिनक्सने ३.८ कर्नलमध्ये काढला, आणि नेटबीएसडीने तर तो त्याच्याही आधी सोडला होता. ४८६ किंवा पुढचा लागतो. त्या निर्णयांवर माझा राग नाही. ज्या प्रोसेसरला बहुप्रोसेसर कोडसाठी लागणाऱ्या साध्या सूचनाही येत नाहीत, त्याच्यापायी बाकी सगळ्यांचा कोड गुंतागुंतीचा होत जातो. राग येतो तो चालू अवस्थेतली, लाखोंनी विकली गेलेली मशीनं ‘आता कोण वापरतं’ म्हणून मोडीत निघतात तेव्हा.

तारखेचीही परीक्षा घेऊन पाहिली. ३२-बिट सिस्टिमचं घड्याळ सेकंद मोजायची जागा संपून १९ जानेवारी २०३८ ला उलटं फिरेल अशी धास्ती असते. डेबियन १३ ने बाकीच्या ३२-बिट मशीनसाठी ६४-बिट वेळ आणली, पण इंटेल ३२-बिटला जुन्या प्रोग्रामशी सुसंगती राहावी म्हणून वगळलं. नेटबीएसडीने हे काम २०१२ मध्ये, ६.० मध्येच सगळ्या मशीनसाठी उरकलं. डेट आज्ञेला २१४७४८३६४८ हा आकडा (१९७० पासूनचे सेकंद) दिला, तर सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ८ सेकंद, २०३८, असं भारतीय वेळेत बिनचूक आलं.

टाकायच्या आधी एक गोष्ट जरूर तपासा : तुमचा अ‍ॅटम नक्की कुठला आहे. एन२७० आणि एन२८० हे ३२-बिट. पण २०१० च्या आसपासचा एन४५० दिसायला तसाच असला तरी ६४-बिट चालवतो, आणि तो असेल तर सरळ ६४-बिट डेबियन १३ टाका. मशीनवर विंडोजचं ३२-बिट स्टिकर आहे म्हणून प्रोसेसरही ३२-बिटच असेल असं धरून चालू नका.